दहा मिनिटांची सुट्टी आणि फुकटचे खेळ



आजचा विषय तसा छोटा आहे, छोट्या सुट्टीएवढाच. छोट्या सुट्टीत मुलांना ब्राउझरवरचा एखादा फुकट खेळ लावून द्यावा का, आणि द्यायचा तर कोणता? वर्षभरापूर्वी कुणी मला हे विचारलं असतं तर "त्यात काय एवढं, कुठलाही लावा," असं मी म्हणाले असते. आता तसं म्हणत नाही. का म्हणत नाही, ते आधी सांगते. मग माझी यादी आणि कसोट्या देते.

आमची शाळा दोन शिक्षकी, डोंगराळ भागातली. जुलैमध्ये पाऊस लागला की आठ-आठ दिवस थांबत नाही. मैदानात चिखल, व्हरांड्यात गळती. तिसरी-चौथीची सत्तावीस मुलं एका खोलीत. अशा दिवसांत छोटी सुट्टी म्हणजे दहा मिनिटांचा दंगा. बाकावरून उड्या, पाटी-पेन्सिलीची फेकाफेक आणि शेवटी कुणाचं तरी रडणं.

लोकवर्गणीतून आलेला टीव्ही वर्गात आहे. तो लॅपटॉपला जोडलेला असतो. एका दिवशी मुलं मागे लागली, "मॅडम, गेम लावा की! एकच!" मलाही वाटलं, दहा मिनिटं शांत बसतील. मोबाईलचं नेट जोडलं, 'मुलांसाठी फुकट खेळ' असं शोधलं आणि सगळ्यात वर जे आलं ते उघडलं. रंगीबेरंगी पान, हसरी अस्वलं, फुगे फोडायचा खेळ. मला तरी छानच वाटलं.

चौथीतला एक मुलगा, आपण त्याला सोन्या म्हणू, माऊस धरून बसला होता. फुगे फोडता फोडता मध्येच एक चौकोन आला. त्यावर मोठं हिरवं बटण होतं. मुलांना हिरवं बटण दिसलं की ती दाबणारच. सोन्याने दाबलं. दुसरं पान उघडलं आणि सगळ्या टीव्हीभर पत्ते, नाणी आणि नोटा. पैसे लावून पत्ते खेळा, एवढे जिंका, अशी जाहिरात. मी उठून बंद करेपर्यंत सोन्या खुशीत ओरडला, "मॅडम, ह्यो आमच्या पप्पांचा गेम!"

वर्ग हसला. मीही हसले आणि टीव्ही बंद केला. माझ्या दृष्टीने विषय तिथेच संपला होता.

दुसऱ्या दिवशी परिपाठ चालू असताना सोन्याची आजी फाटकात येऊन उभी राहिली. डोक्यावर इरलं, पायात चिखल. परिपाठ संपेपर्यंत काही बोलली नाही. मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाई, साळंत बी त्योच खेळ शिकवताय व्हय?"

मला काही कळेना. मग तिने सांगितलं. सोन्याच्या वडिलांना मोबाईलवर पैशांचे पत्ते खेळायचा नाद लागला होता. आधी दहा-वीस रुपये, मग दुधाच्या बिलाचे पैसे. दिवाळीआधी गाभण कालवड विकली, तेव्हा घरात कळलं. सोन्याच्या आईने मोबाईल लपवायला सुरुवात केली होती. घरात रोज भांडण. आणि त्या संध्याकाळी पोरगं शाळेतून उड्या मारत घरी आलं आणि वडिलांना म्हणालं, "पप्पा, आमच्या मॅडमनी शाळंत तुमचा गेम लावला!" वडील आईला म्हणाले, "बघ, शाळेत पण दाखवतात. एवढं वाईट असतं तर मास्तरीण दाखवील का?"

पालकहो, या एका वाक्याने मला दोन रात्री झोप लागली नाही. मी जाहिरात लावली नव्हती हे खरं. पण त्या घरात तिला शाळेचा शिक्का माझ्यामुळे मिळाला, हेही तितकंच खरं. आपण वर्गात जे लावतो ते मुलांसाठी 'मॅडमनी लावलेलं' असतं. जाहिरातदाराला हे ठाऊक नसतं, पण आपल्याला ठाऊक असायला हवं.

मी आजीची माफी मागितली. तिचा राग लगेच गेला नाही, आणि तो जावा अशी अपेक्षाही नव्हती. जाता जाता ती एक प्रश्न विचारून गेली. "बाई, ह्ये मोबाईलचं खेळ संपत्यात कवा? आमचं लगोरी, सूरपारंब्या अंधार पडला की संपायचं."

मी पुढे जे काही ठरवलं, त्याची सुरुवात या प्रश्नापासून झाली.

फुकट म्हणजे नेमकं काय?

त्या आठवड्यात रोज रात्री घरची कामं आवरल्यावर मी खेळ शोधत बसले. एकेक उघडायचा, स्वतः दहा मिनिटं खेळायचा, वहीत नोंद करायची. डी.एड.ला असताना आम्ही पाठाच्या आधी पाठटाचण काढायचो, तसंच.

डी.एड.च्या काळात जमवलेली जुनी यादीही पेनड्राइव्हमध्ये सापडली. बेरीज-वजाबाकीचे कितीतरी छान खेळ होते त्यात. एकही चालला नाही, कारण ते सगळे फ्लॅशवर बनलेले होते आणि फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० ला बंद झालं. तेव्हा ज्यांच्याकडे अशा जुन्या याद्या असतील त्यांनी त्या सरळ काढून टाकाव्यात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, जुना खेळ चालवण्यासाठी "हे आधी डाउनलोड करा" असं एखादं पान सांगत असेल तर अजिबात करू नये.

शोधता शोधता एक गोष्ट लक्षात आली. कुठलाच खेळ फुकट तयार होत नाही. कुणीतरी वेळ घालवलेला असतो, कुणीतरी पैसे भरलेले असतात. ते पैसे जाहिरातदाराने भरले, विद्यापीठाने भरले, देणगीदारांनी भरले की पुढे आपल्याच खिशातून निघणार आहेत, एवढं शोधायचं. हे कळलं की निम्मी निवड होऊन जाते. ज्या पानावर खेळापेक्षा जाहिरातींचे चौकोन जास्त, तिथे पैसे जाहिरातदाराचे. म्हणजे ते पान मुलांसाठी नाही, जाहिरातदारासाठी बनलेलं आहे. हसरी अस्वलं फक्त दारात उभी केलेली असतात.

माझ्या सहा कसोट्या

१) नाव न विचारता उघडतो का? खेळायच्या आधी नाव, वय, ईमेल किंवा मोबाईल नंबर मागणारा खेळ वर्गात लावायचा नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येकाला मूल मानलं आहे आणि त्यांची माहिती वापरायला पालकांची संमती लागेल असं म्हटलं आहे. आपण मुलांच्या हजेरीपटाची काळजी घेतो, तशीच याचीही घ्यायची.

२) जाहिरात नाही ना? 'थोड्याच आहेत' हे चालत नाही. सोन्याला एकच चौकोन पुरला.

३) संपतो का? आजीचा प्रश्न. दहा मिनिटांत डाव पूर्ण होतो का, किंवा मध्येच सोडला तर मुलाचं काही जातं का? 'रोज या नाहीतर तुमची नाणी जातील' असं सांगणारा खेळ सरळ बाद.

४) वाचायला किती लागतं? सूचना इंग्रजीत आणि लांबलचक असतील तर मुलं न वाचता बटणं दाबतात. चित्रावरून कळणारा किंवा मराठीत असलेला खेळ घ्यायचा.

५) नेट गेलं तर? आमच्याकडे पावसात नेट आणि लाईट दोन्ही जातात. नेटशिवाय चालणारा खेळ केव्हाही बरा. नेट नाही म्हणजे जाहिरातही नाही.

६) बाकीची सव्वीस मुलं काय करतात? माऊस एकाच्या हातात असतो. बाकीच्यांना बघण्यापलीकडे काही काम असेल तरच तो वर्गाचा खेळ.

कसोटीला उतरलेले खेळ

*क्रोममधला डायनासोर.* नेट बंद असताना क्रोममध्ये कुठलंही पान उघडायला गेलं की छोटा डायनासोर दिसतो. स्पेसबार दाबला की पळायला लागतो. निवडुंग आला की उडी, उडणारा प्राणी आला की खाली वाकायचं. २०१४ पासून तो क्रोममध्ये आहे. वाचायला काही नाही, नाव द्यायला नको, जाहिरात नाही. एक डाव मिनिटभरात संपतो. आमच्याकडे एकाने स्पेसबार दाबायचा आणि बाकीच्यांनी जागेवर उभं राहून निवडुंग आला की खरोखर उडी मारायची असा नियम आहे. पावसाळ्यात यासारखा व्यायाम नाही! दोष एकच, आऊट झालं की "अजून एकदा" म्हणावंसं वाटतं. म्हणून एकाला एकच डाव.

*२०४८.* चार बाय चारचे सोळा चौकोन. सारखे दोन आकडे एकमेकांना भिडले की त्यांची बेरीज होते. २ आणि २ चे ४, ४ आणि ४ चे ८, असं करत २०४८ पर्यंत जायचं. गॅब्रिएले चिरुली नावाच्या १९ वर्षांच्या इटालियन तरुणाने तो मार्च २०१४ मध्ये बनवला आणि त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला ठेवला. त्यामुळेच त्याच्या शेकडो नकला आहेत आणि बऱ्याच नकलांवर जाहिराती आहेत. मी माझ्या भावाकडून तो खुला कोड डाउनलोड करून घेतला. आता तो लॅपटॉपवर नेटशिवाय चालतो. चौथीच्या मुलांना 'दुप्पट' शिकवायला याहून सोपं साधन मला मिळालं नाही. २ ची दहा वेळा दुप्पट केली की २०४८ होतात, हे मुलांनी स्वतः बोटांवर मोजून मला सांगितलं. दहा मिनिटांत डाव पूर्ण होत नाही, पण मध्येच सोडला तरी बिघडत नाही. उद्या तिथूनच पुढे.

*फेटचे खेळ.* अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात २००२ मध्ये नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी हा प्रकल्प सुरू केला. विज्ञान-गणिताची हलती चित्रं आहेत आणि त्यातली बरीचशी मराठीतही आहेत. अपूर्णांक जुळवण्याचा किंवा फळीवर वजनं ठेवून तोल साधण्याचा खेळ दहा मिनिटांच्या सुट्टीत सहज बसतो. फाईल उतरवून ठेवता येते, नेट लागत नाही. फळी डावीकडे झुकेल की उजवीकडे, यावर सगळा वर्ग हात वर करून मत देतो आणि मग बघतो. सहावी कसोटी इथे शंभर टक्के पास.

*लिचेसवरचं बुद्धिबळाचं कोडं.* लिचेस देणग्यांवर चालतं, जाहिरात नाही. खातं न काढताही कोडी सोडवता येतात. पूर्ण डाव लावायचा नाही, वेळ पुरत नाही. एक कोडं लावायचं आणि बाकांच्या तीन रांगांनी आपापसात बोलून चाल सांगायची. बुद्धिबळ येणारी सहा मुलं होती. दिवाळीपर्यंत जवळजवळ सगळ्यांना सोंगट्यांच्या चाली कळायला लागल्या.

*क्विक ड्रॉ.* गुगलचा २०१६ चा खेळ. सांगितलेली वस्तू वीस सेकंदांत काढायची आणि संगणक ती ओळखतो. मुलं खूप हसली. पण याला नेट लागतं आणि आपण काढलेली चित्रं तिकडे साठवली जातात. म्हणून मी तो सुट्टीत न लावता तासाला लावला आणि आधी मुलांना सांगितलं, "आपण काढलेलं चित्र दुसरीकडे जाऊन राहतं. त्यात नाव लिहायचं नाही." तिसरीतल्या एकीने विचारलं, "मग ते परत देत नाहीत?" या एका प्रश्नावर अर्धा तास गेला. तो अर्धा तास मी वाया गेला असं म्हणणार नाही.

*फुली-गोळा.* गुगलवर इंग्रजीत शोधलं की फुली-गोळा खेळता येतो. मी मोठ्या उत्साहाने लावला. मुलं म्हणाली, "मॅडम, हे तर पाटीवर पण येतं!" आणि खरंच पाट्या काढून जोड्या-जोड्यांनी खेळत बसली. टीव्हीकडे कुणी बघेना. मी गुपचूप बंद केला. सत्तावीस मुलांना एकदम खेळायला मिळालं, नेट लागलं नाही, लाईट लागली नाही. माझ्या सहाही कसोट्या पाटी पास झाली.

आपल्या स्वतःच्या सुट्टीचं काय?

इथे एक कबुली देते. यादी करता करता मला स्वतःलाच २०४८ ची सवय लागली. मधल्या सुट्टीत मुलांची खिचडी झाली की मी मोबाईल काढायची. एकदा पहिलीतली मुलगी टेबलाशी येऊन उभी राहिली. "मॅडम..." मी वर न बघता म्हणाले, "थांब गं, दोनच मिनिटं." ५१२ जुळत आले होते. वर बघितलं तेव्हा ती निघून गेली होती. नंतर कळलं, तिचा पहिला दात पडला होता आणि तो मुठीत धरून ती मला दाखवायला आली होती. तोपर्यंत तिने तो कौलावर टाकलासुद्धा होता.

दातच तो, दुसरा पडेल. पण पहिला दाखवायला ती माझ्याकडे आली होती आणि मी खेळत होते. मला कालवड आठवली. दोन्हींची तुलना होत नाही, हे कळतं मला. पण 'दोनच मिनिटं' हे शब्द तेच होते. सोन्याचे वडीलही घरात हेच म्हणत असणार. तेव्हापासून शाळेत माझा मोबाईल कपाटात असतो. शिक्षकांनी खेळूच नये असं मी म्हणत नाही. प्रशिक्षणाला जाताना एसटीत मी आजही खेळते. पण मुलांच्या सुट्टीत नाही.

नियम आणि वेळमंत्री

आता आमच्या वर्गात तीन नियम आहेत. ऊन असेल तर टीव्ही बंद आणि सगळे मैदानात. खेळ मॅडमच्या यादीतलाच, नवीन हवा असेल तर आधी मॅडमनी घरी खेळून बघायचा. आणि घंटा झाली की डाव कुठेही असो, झाकण बंद.

शालेय मंत्रिमंडळात आम्ही यासाठी एक नवीन खातं काढलं, वेळमंत्री. ते सोन्याला दिलं. मुद्दाम दिलं. पहिल्या दिवशी त्याने दोन मिनिटं उशीर केला, कारण डाव त्याच्याच मित्राचा होता. मुलांनी आरडाओरडा केला. दुसऱ्या दिवसापासून तो घड्याळासमोरच उभा राहायला लागला.

पुढे एकदा चार दिवस लाईट नव्हती. तेव्हा मुलांनी फरशीवर खडूने सोळा चौकोन आखले, जुन्या कॅलेंडरच्या मागे २, ४, ८, १६ असे आकडे लिहून चिठ्ठ्या केल्या आणि २०४८ जमिनीवर मांडला. एकाने "डावीकडे!" म्हणायचं, दोघांनी चिठ्ठ्या सरकवायच्या, एकजण बँक. नवीन २ कुठे ठेवायचा ते डोळे मिटून बोट ठेवून ठरवायचं. संगणक जे क्षणात करतो त्याला मुलांना पाच मिनिटं लागत होती, आणि त्या पाच मिनिटांत बेरजाच बेरजा चालल्या होत्या. तुमच्या वर्गात करून बघा, खर्च शून्य.

सोन्याच्या घरचं सांगायचं तर सगळं ठीक झालं असं मी लिहू शकत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, ते मी पालकसभेत वाचून दाखवलं. त्या सभेला त्याचे वडील आले नव्हते. आजी आली होती. सभा झाल्यावर ती टीव्हीसमोर बसली आणि म्हणाली, "दावा बघू, आता काय खेळवताय." मी डायनासोर लावला. आजीने स्पेसबारवर बोट ठेवलं, तिसऱ्याच निवडुंगाला आऊट झाली आणि पदर तोंडाला लावून हसली. मग विचारलं, "पैशे न्हाईत ना जात?"

"नाही आजी."

"आन् थांबतो कवा?"

मी उत्तर द्यायच्या आत सोन्या पुढे आला. त्याने घड्याळ बघितलं, लॅपटॉपचं झाकण लावलं आणि म्हणाला, "आज्जे, वेळ झाली. आता उठ."

पालकांना एकच विनंती. घरी मुलाच्या हातात मोबाईल देण्याआधी तो खेळ दहा मिनिटं तुम्ही स्वतः खेळून बघा. मध्ये काय येतं, कोण काय मागतं आणि तो संपतो कधी, एवढं पाहिलं तरी पुष्कळ झालं. आणि शिक्षक मित्रांनो, तुमच्या वर्गात चालणारे, या कसोट्यांना उतरणारे खेळ असतील तर जरूर सांगा. पावसाळा लांब असतो, आमची यादी अजून छोटीच आहे.